राज्य कोणतं : एक गुण

बिजगर्णीच्या होनगेकरांचा वंशवृक्ष
मी चौकटीच्या कागदावर काढलाय.
बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन,
विसरत गेलेलं माणूस काळं करायचं.
सात भावंडं. तीन काळी. दोन अजून कोरी.
एक पाळण्यातच गेलं, त्याच्यावर तिरकी रेघ.
राहिला सातवा चौकोन, कल्लाप्पा.
त्याच्यासाठी सव्वासातची गाडी,
मांडीवर बर्फाची पेटी.
कंडक्टर म्हणाला, मीन एन्री?
रिकामी आहे म्हटलं.
येताना रक्त असेल, हे कशाला सांगा.

पडवीत भाताच्या पोत्यावर बसून तो उत्तरं देतो.
वार? शनिवार, बाजाराचा.
साल? नुसता हसला.
तारीख? सुनेकडे बघितलं.
जिल्हा? बेळगाव.
छापील उत्तर बेळगावी आहे,
पण तो गुण मी कधीच देऊन बसले होते.

राज्य कोणतं?
बाकी सगळं विहिरीतून ओढून काढल्यासारखं,
हे मात्र ताडकन :
महाराष्ट्र.

आतून नागूबाई, चुलीपुढून न उठता,
"ते चुकीत धरू नका हं, बाई.
डोकं जाग्यावर होतं तवाबी हेच म्हणायचे.
त्याच्यापायी आठ दिवस हिंडलग्यात बसून आलेत."

ह्याची थोरली बहीण, यल्लूबाई, गोल क्रमांक दोन,
गेल्या वर्षी म्हणाली होती : मुंबई राज्य.
ते काही मत नव्हतं.
ती खरोखरच तिथं होती,
तेरा वर्षांची, पाटीवर ओली चिंधी फिरवत,
आणि मला विचारत होती, मास्तर आले काय.
तिला शून्य दिला तेव्हा हात अडखळला नव्हता.

बंगळूरला फोन लावला.
सर म्हणाले, उत्तर छापलेलं आहे ना? मग?
बरोबरच आहे त्यांचं.
तीसपैकी तेवीस म्हणजे रुग्ण,
चोवीस म्हणजे तुलनेच्या गटातला निरोगी माणूस.
मी बेरीज दोनदा केली.
तेवीस.
समासात पेन्सिलीनं एक ठिपका,
खोडता येईल इतका फिका.

खरं तर मी शोधते ते फार लहान आहे.
एकोणिसाव्या गुणसूत्रावर एका जागी
टी असायचा तिथं सी.
चार अक्षरांची लिपी, काना नाही, वेलांटी नाही,
कुणी रंगवावी आणि रात्रीतून कुणी डांबर फासावं
अशी तिची पाटी कुठल्याच रस्त्यावर नाही.
पण तिच्यापर्यंत जायची वाट
ह्या पडवीतून जाते, ह्या प्रश्नांमधून,
आणि प्रश्न कुणीतरी कुठंतरी बसून छापलेले असतात.

सून बैलहोंगलची.
मामा, ऊटा? विचारते.
आयतु, म्हणतो तो. जेवलेला नसतो.
ती काही न बोलता ताट वाढते.
तिला कुठलीही चाचणी लागत नाही.

त्यानं बाही स्वतः वर केली.
शीर चटकन सापडली, नांगर धरलेल्या हाताची.
दोन नळ्या, जांभळी टोपणं,
नावाऐवजी आकडा. पेटी बंद.

शंभरातून सात वजा करत जा म्हटलं होतं
तेव्हा त्र्याण्णवला अडकला होता.
आता निघताना म्हणतो, थांबा,
आणि परसातल्या ढिगातून रताळी काढतो,
माती झटकून माझ्या पिशवीत टाकतो,
मार्केट यार्डात चाळीस वर्षं मोजली तशी, कन्नडमध्ये :
वंदु, एरडु, मूरु,
आवाज एका लयीत, मान खाली,
एंटु, वंबत्तु, हत्तु,
मी कागद बॅगेतून काढावा की नाही ह्या विचारात,
हन्नोंदु.

अकरावं हातातच राहिलं.
उलटसुलट बघितलं, वास घेतला,
अंगठ्यानं कीड दाबून पाहिली.
मग तेही पिशवीत टाकलं, सगळ्यांत वर.

"हे तुमच्या त्या फोनवाल्या सरांना."